‘कोणत्या वयाची वाट पाहतो आहेस?’ : झेनोफॉन का वाचावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इतिहासकार म्हणून झेनोफॉन थुसिडिडीसपुढे फिका पडतो आणि तत्त्वज्ञ म्हणून प्लेटोपुढे. मग आज त्याला वाचायचा कशासाठी? आणि वाचायचाच, तर सुरुवात कुठून करायची?

प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतोच. तरुणपणी माझेही मत हेच होते. सोपी भाषा म्हणून ग्रीक शिकणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा द्यायचा लेखक, यापलीकडे मी त्याला किंमत देत नव्हतो. ते मत मी केव्हाच सोडले. का सोडले, ते सांगायचे तर एका रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

इ.स.पू. ४०१ चा शरद ऋतू. आजच्या इराकमधल्या मोठ्या झाब नदीकाठी ग्रीक भाडोत्री सैनिकांची छावणी पडली आहे. धाकट्या सायरसने आपला थोरला भाऊ, पर्शियाचा सम्राट दुसरा आर्टाझर्क्सिस, याला गादीवरून खाली ओढण्यासाठी हे सैन्य जमवले होते. निघताना मात्र त्यांना पिसिडियातल्या बंडखोरांवर जायचे आहे एवढेच सांगितले होते. खरा बेत लक्षात आल्यावर शिपाई अडून बसले, तेव्हा महिना १ डॅरिकचा (पर्शियाचे सोन्याचे नाणे) पगार दीड डॅरिक झाला. बॅबिलोनजवळ कुनाक्साला लढाई झाली. ग्रीकांनी आपल्यासमोरची फळी सहज मोडली, पण सायरस थेट भावावर तुटून पडला आणि मारला गेला. ज्याच्यासाठी आलो तोच उरला नाही, असे हे जिंकलेले सैन्य. पुढे क्षत्रप टिसाफर्निसने (नहपानाच्या इतिहासातून आपल्या ओळखीचा झालेला हा शब्द मुळात या पर्शियन सुभेदारांचाच) बोलणी करायला म्हणून ५ सेनापती आणि २० नायकांना आपल्या गोटात बोलावले. सेनापतींना पकडले, त्यांची पुढे डोकी उडवली. नायकांना तंबूबाहेरच कापून काढले.

त्या रात्री छावणीत फार थोडे जण जेवले, शेकोट्याही फारशा पेटल्या नाहीत. घर हजारो मैल दूर, वाटाड्या नाही, घोडदळ नाही, वाटेत ओलांडता न येणाऱ्या नद्या. या माणसांत अथेन्सचा एक तरुण होता. तो ना सेनापती होता ना नायक, साधा शिपाईही नव्हता. मित्राच्या बोलावण्यावरून सोबत आला होता इतकेच. त्याला डुलकी लागली आणि स्वप्न पडले की बापाच्या घरावर वीज कोसळली आहे. दचकून जागा झाल्यावर तो स्वतःशी म्हणाला : मी असा पडून का राहिलो आहे? कोणत्या शहराचा सेनापती येऊन हे काम करील असे मला वाटते? मी कोणत्या वयाची वाट पाहतो आहे?

हा झेनोफॉन. वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. तो उठला, मारल्या गेलेल्या मित्राचे, प्रॉक्सेनसचे, नायक त्याने गोळा केले आणि पहाटेपर्यंत त्या सैन्याला नवे सेनापती मिळाले. त्यांत तो स्वतःही होता. सकाळी सगळ्यांपुढे बोलायला तो उभा राहिला तेव्हा त्याने आपले सर्वांत चांगले चिलखत चढवले होते. तो सुटकेबद्दल बोलत असतानाच कुणीतरी शिंकले. आपल्याकडे शिंक आली की निघालेला माणूस उंबऱ्यावर थबकतो; ग्रीकांना ती देवाची कृपा वाटे. सगळे सैन्य एकदम वाकले. त्यानंतर त्याने सांगितले : गाड्या जाळा, तंबू जाळा, जास्तीचे सामान टाकून द्या.

झेनोफॉनने पुढे जे जे लिहिले त्या सगळ्याच्या मुळाशी मला ही रात्र दिसते. ज्यांना हुकूम द्यायचा कसलाही अधिकार आपल्याजवळ नाही, अशा हजारो थकलेल्या, घाबरलेल्या, हत्यारबंद माणसांनी आपले का ऐकावे? आणि आपखुशीने का ऐकावे? शेती, घोडा, संसार, राज्य, काहीही विषय असो, तो हाच प्रश्न पुन्हा विचारतो. प्लेटोला न्याय म्हणजे काय हे हवे होते, थुसिडिडीसला युद्धाची खरी कारणे. झेनोफॉनचा प्रश्न त्यांच्याहून वेगळा आहे, आणि तो त्याने पुस्तकातून घेतलेला नाही.

आता थोडे मागे जाऊ. जन्म इ.स.पू. ४३० च्या सुमारास, अथेन्सच्या एर्खिया या गावठाणात, ग्रिलस नावाच्या सधन माणसाच्या घरी. स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या वर्गातला हा मुलगा. बालपण आणि तारुण्य स्पार्टाशी चाललेल्या २७ वर्षांच्या युद्धात गेले. तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा डायोजिनीस लेअर्टियस एक गोष्ट सांगतो : अरुंद बोळात सॉक्रेटिसने काठी आडवी धरून या देखण्या पोराला अडवले आणि विचारले, अमुक वस्तू कुठे मिळते, तमुक कुठे मिळते? पोराने भराभर उत्तरे दिली. मग सॉक्रेटिस म्हणाला, आणि माणसे चांगली कुठे होतात? पोरगा गोंधळला. ‘मग माझ्यामागे ये आणि शीक.’ गोष्ट पाचशेहून अधिक वर्षांनंतर लिहिलेली आहे, तेव्हा तिच्यावर भार टाकू नका.

दुसरी गोष्ट मात्र त्याने स्वतःच सांगितली आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. सायरसकडे जावे का, हे त्याने सॉक्रेटिसला विचारले. सायरसने युद्धात स्पार्टाला मदत केलेली, त्यामुळे अथेन्सचे लोक याला बोल लावतील, ही भीती सॉक्रेटिसला होती. त्याने डेल्फीला जाऊन अपोलोचा कौल घ्यायला सांगितले. हा डेल्फीला गेला आणि त्याने विचारले काय, तर प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवांना बळी देऊ! सॉक्रेटिस रागावला : जावे की न जावे हे आधी विचारायला हवे होते, तू जायचे स्वतःच ठरवून टाकलेस. गुरूला कशी बगल दिली हे इतक्या सरळपणे लिहून ठेवणारा शिष्य मला विश्वासाचा वाटतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला गेला तेव्हा हा अथेन्सपासून दूर, आशिया मायनरच्या बाजूला होता. त्या सकाळी तू निघालास, त्यानंतर गुरू पुन्हा भेटले नाहीत, असे त्याला कुणी म्हणू शकले असते.

माघारीची कथा ‘अ‍ॅनाबासिस’मध्ये आहे. मोहिमेच्या सुरुवातीला सैन्य मोजले तेव्हा जड ढालीचे ११,००० आणि हलके ढालाईत सुमारे २,००० होते. काळ्या समुद्रावर पोचल्यानंतर केरासस येथे पुन्हा मोजदाद झाली तेव्हा ८,६०० उरले होते. काळा समुद्र पहिल्यांदा दिसताच उठलेली ‘समुद्र! समुद्र!’ ही डोंगरमाथ्यावरची आरोळी बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. एवढेच लक्षात ठेवा की पिछाडीवर असलेल्या झेनोफॉनला आधी वाटले पुढे शत्रूने गाठले, आणि तो घोड्यावर टांग टाकून मदतीला धावला. त्या डोंगरावर शिपायांनी, कुणी सांगितले कोण जाणे, दगडांचा ढीग रचला.

मला थांबायचे आहे ते लहान प्रसंगांवर. चढण चढताना सिक्योनचा सोटेरिडास नावाचा शिपाई ओरडला : तू घोड्यावर बसून हुकूम सोडतोस, इथे ढाल वाहून माझा जीव चाललाय. झेनोफॉन खाली उतरला, त्याला रांगेबाहेर ढकलले, त्याची ढाल घेतली आणि अंगात घोडेस्वाराचे जड चिलखत असताना पायी चढू लागला. शेवटी बाकीच्या शिपायांनीच सोटेरिडासला मारून, शिव्या देऊन ढाल परत घ्यायला लावली. आर्मेनियात एका पहाटे इतका बर्फ पडला की माणसे, जनावरे खाली गाडली गेली. अंगावरच्या बर्फाचीही ऊब वाटत होती, उठायला कुणी तयार नव्हते. झेनोफॉन पांघरूण टाकून उठला आणि लाकडे फोडू लागला. थोड्या वेळात एकाने उठून त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली, मग दुसरे उठले, शेकोट्या पेटल्या. यात भाषण नाही, हुकूमही नाही.

चुका त्याने लपवलेल्या नाहीत. पर्शियन तिरंदाज आणि गोफणवाले दुरून मारा करत होते, तेव्हा हा पिछाडी घेऊन त्यांच्या मागे धावला. हाती काही लागले नाही, उलट माणसे जखमी झाली. त्या दिवशी सगळी चाल २५ स्टेडिया, जेमतेम साडेचार किलोमीटर. स्पार्टाचा कायरिसोफस, आघाडीचा सेनापती, त्याला बोलला आणि याने चूक कबूल केली. मग त्याला आठवले की आपल्यात ऱ्होड्स बेटावरचे लोक आहेत. पर्शियन गोफणीत मुठीएवढा दगड घालतात, ऱ्होड्सवाले शिशाची गोळी घालतात आणि ती दुप्पट लांब जाते. त्याच रात्री २०० गोफणवाले उभे राहिले, दुसऱ्या दिवशी सामानाच्या घोड्यांतून ५० स्वार तयार झाले.

बर्फातल्या त्या पानांचे तपशील कुणी बसल्याजागी रचू शकणार नाही. डोळ्यांपुढे काहीतरी काळे धरून चालले तर बर्फाने डोळे जात नाहीत. रात्री पायताण काढले नाही तर वाद्या मांसात रुततात आणि गोठतात. विहिरीसारख्या तोंडाची जमिनीखालची घरे, आत शेळ्या-मेंढ्या आणि माणसे एकत्र, आणि जवाची दारू, जिच्यावर दाणे तरंगत असत म्हणून ती नळीने ओढून प्यायची.

कोटिओरा येथे पुढे शिपायांनी सेनापतींकडून हिशेब मागितला. एकाने तक्रार केली की झेनोफॉनने मला मारले. चौकशीत निघाले ते असे : या तक्रारदाराकडे एका आजाऱ्याला वाहून न्यायचे काम दिले होते, आणि हा त्याला जिवंतपणीच पुरायला खड्डा खणत होता. ‘तो शेवटी मेलाच ना,’ असे तो म्हणाला, तेव्हा झेनोफॉनने उत्तर दिले : मरणार तर आपण सगळेच, म्हणून काय जिवंत असताना पुरून घ्यायचे? सेनापतीला शिपायांपुढे उभे राहून जाब द्यावा लागतो, हे त्या सैन्याचे मोठेपण होते.

पण डोळे उघडे ठेवून वाचा. हा माणूस स्वतःबद्दल ‘झेनोफॉन म्हणाला’ असे परक्यासारखे लिहितो आणि ‘हेलेनिका’ या आपल्या इतिहासग्रंथात तर या मोहिमेची हकीकत सिराक्यूझच्या थेमिस्टोजिनीसने लिहिली आहे असे सांगून मोकळा होतो. पुढच्या काळातला इतिहासकार डायोडोरस याने दिलेल्या याच माघारीच्या वृत्तांतात झेनोफॉनचे नावसुद्धा येत नाही. तो दिसतो नंतर, थ्रेसच्या मोहिमेत. म्हणजे प्रसंग खरे असले तरी मध्यभागी कोण उभा होता हे त्याने आपल्या सोयीने मांडले असण्याची शक्यता धरावीच लागते. आणि हे सैन्य वाटेवरच्या गावांचे धान्य, गुरे, माणसे लुटत चालले होते. कार्डुखी लोक सात दिवस डोंगरावरून दगड लोटत लढले, ते आपल्या घरांसाठी. मी वर्गात हा भाग त्यांच्या बाजूने एकदा आवर्जून वाचायला लावतो.

त्याच्या माहितीची मर्यादा एका जागी फार टोचते. टायग्रिसकाठी तो एका प्रचंड ओसाड तटाजवळून गेला. त्याने जाडी, उंची लिहिली, गावाचे नाव मेस्पिला दिले, मीड लोकांची वस्ती म्हणून नोंद केली. ते निनेव्हे होते, असिरियाची राजधानी. पडून जेमतेम २११ वर्षे झाली होती.

थुसिडिडीसचा इतिहास इ.स.पू. ४११ मध्ये मध्येच तुटतो. ‘हेलेनिका’ तिथूनच जवळपास ‘त्यानंतर’ म्हणून उचलते आणि ३६२ पर्यंत आणते. तुमची तक्रार इथे रास्त आहे. स्पार्टावर, विशेषतः राजा अ‍ॅजेसिलॉसवर, त्याचा जीव होता आणि थीब्सवर राग. दुसऱ्या अथेनियन संघाची स्थापना तो गाळतो, मेगालोपोलिस वसवले गेले ते गाळतो, थीब्सचा सेनापती एपॅमिनोंडास याच्यासारख्या माणसाला उशिरा पुढे आणतो. इतिहासकाराला हे माफ करता येत नाही. मीही करत नाही. तरीही एगोस्पोटामीला अथेन्सचे आरमार गमावल्याची बातमी रात्री पिरियस बंदराला पोचते आणि आक्रोश लांब तटांच्या वाटेने एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी शहरात शिरतो, ‘त्या रात्री कुणीही झोपले नाही,’ हे वाक्य घ्या. आणि आर्गिनुसाईची आरमारी लढाई जिंकलेल्या सेनापतींना एकाच मतदानात, एकगठ्ठा ठार करायचा ठराव मांडला जातो, सगळी सभा ओरडत असते आणि अध्यक्षमंडळातला एकटा सॉक्रेटिस म्हणतो, कायद्याबाहेर मी काही करणार नाही, ती पाने घ्या. ती पाने नसती तर आपण गरीब असतो.

सॉक्रेटिसचा विषय निघालाच आहे. ‘मेमोराबिलिया’ या आठवणींच्या पुस्तकातला सॉक्रेटिस प्लेटोच्या सॉक्रेटिसाच्या मानाने साधा आहे, हे खरे. पण तो काय करतो ते बघा. यादवीच्या काळात अ‍ॅरिस्टार्कस नावाच्या गृहस्थाच्या घरी बहिणी, भाच्या, चुलत बहिणी मिळून १४ बायका आश्रयाला येऊन राहिल्या आहेत. शेतीचे उत्पन्न बंद, कर्ज कुणी देत नाही. सॉक्रेटिस विचारतो, यांना काय येते? कातणे, विणणे, शिवणे. मग करू दे ना! घरंदाज बायकांनी पोटासाठी काम करायचे ही कल्पनाच गृहस्थाला लाज वाटायला लावणारी. शेवटी थोडे भांडवल काढून लोकर आणली जाते, बायका जेवणाच्या वेळेतही काम करतात, घरातली धुसफूस थांबते. आता त्या म्हणू लागतात, घरात फुकट खाणारा एकटा हाच! प्लेटोचा भाऊ ग्लॉकन विशीच्या आत राजकारणात उडी घ्यायला निघतो, तेव्हा हाच सॉक्रेटिस त्याला राज्याचे उत्पन्न किती, खर्च किती, धान्य किती दिवस पुरेल एवढे विचारतो आणि गप्प करतो. शब्दांच्या व्याख्या न करताही तत्त्वज्ञान होते, हे मला इथे पटले.

‘इकॉनॉमिकस’ हे घर आणि शेत सांभाळण्यावरचे संभाषण. ‘इकॉनॉमी’ हा शब्द ज्या ‘ओइकोनोमिया’तून आला, तीच ही. त्याच्या शेवटी तो म्हणतो, आपखुशीने ऐकणाऱ्यांवर सत्ता चालवणे ही देवाची देणगी आहे. पण याच माणसाने म्हातारपणी अथेन्सच्या उत्पन्नवाढीवर लिहिताना सुचवले की सरकारने दर नागरिकामागे तीन होईपर्यंत गुलाम विकत घ्यावेत आणि लॉरियनच्या चांदीच्या खाणींत भाड्याने द्यावेत. खुशीचा प्रश्न त्याने त्या माणसांच्या बाबतीत विचारला नाही. त्याच्या विचारातले हे भगदाड झाकून त्याची थोरवी गाऊ नये.

घोड्याच्या बाबतीत मात्र विचारला, हे वाचून मन अस्वस्थ होते. त्याचे घोड्यावरचे पुस्तक नेमके आणि प्रेमळ आहे. घोडा घेताना आधी पाय बघा, कारण पाया कच्चा असेल तर घर कशाचे? त्या काळी नाल नव्हते, म्हणून खूर जाड आणि पोकळ हवेत, जमिनीवर झांजेसारखे वाजणारे. घोड्याकडे रागाने कधीही जाऊ नका, राग पुढचे बघत नाही. आणि जबरदस्तीने जे करायला लावाल ते घोड्याला समजणार नाही, चाबूक मारून नाचवलेल्या नर्तकासारखे ते कुरूप दिसेल. ‘सायरोपिडिया’ ही पर्शियन साम्राज्य उभारणाऱ्या थोरल्या सायरसवरची आठ पुस्तकांची रचना म्हणजे हाच विचार साम्राज्याएवढा केलेला. इतिहास म्हणून ती वाचू नका. ती जवळजवळ कादंबरी आहे. रोमचा सेनापती सिपिओ याच्या हातात ती सदैव असे, असे सिसेरो सांगतो. मला ती लांबलेली वाटते.

उरलेले आयुष्य पटकन सांगतो. मोहिमेनंतर तो स्पार्टाच्या सैन्याबरोबर आशियात राहिला. इ.स.पू. ३९४ मध्ये कोरोनियाच्या लढाईत अ‍ॅजेसिलॉसच्या बाजूला होता, आणि समोरच्या फळीत अथेन्सचे लोक होते. अथेन्सने त्याला हद्दपार केले. ते यामुळे की सायरसच्या नोकरीमुळे, यावर वाद आहे. स्पार्टाने ऑलिंपियाजवळ स्किलस येथे त्याला घर-जमीन दिली. तिथे लुटीतला जो दशांश आर्टेमिस देवीसाठी राखला होता, त्यातून त्याने जमीन घेऊन लहानसे देऊळ बांधले, शेजारपाजारच्या सगळ्यांना जेवण घालणारी जत्रा सुरू केली आणि दगडावर कोरले : जो ही जमीन धरील त्याने दरवर्षी दशांश द्यावा, उरल्यातून देऊळ राखावे, न केल्यास देवी बघून घेईल. आपल्याकडचे जुने दानलेख वाचलेल्यांना ही शेवटची ओळ ओळखीची वाटेल. बायको फिलेसिया, मुलगे ग्रिलस आणि डायोडोरस यांच्यासह वीसेक वर्षे तो तिथे शेती, शिकार आणि लेखन करत राहिला असावा. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला स्पार्टा हरला आणि ती जमीन गेली. त्यानंतर कॉरिंथ. अथेन्सची हद्दपारी पुढे उठली. मृत्यू ३५४ च्या सुमारास.

वाचायचा क्रम : ‘अ‍ॅनाबासिस’चे तिसरे आणि चौथे पुस्तक आधी, पहिले दोन नंतर. मग ‘मेमोराबिलिया’चे दुसरे पुस्तक. त्यानंतर घोड्यावरचे, ते एका बैठकीत होते. ‘हेलेनिका’ची पहिली दोन पुस्तके आणि मग एकदम सातव्याचा शेवट. तिथे ३६२ मध्ये मँटिनियाला मोठ्या लढाईच्या आधी घोडदळाची चकमक होते. अथेन्सचे स्वार दमलेले, उपाशी, तरी शेतात अडकलेल्या माणसांना आणि गुरांना वाचवण्यासाठी थीब्सच्या घोडदळावर जातात. झेनोफॉन लिहितो, त्यांच्यातले चांगले लोक पडले, आणि पुढच्या मजकुराकडे वळतो. पडलेल्यांत त्याचा मुलगा ग्रिलस होता. त्याचे नाव त्याने घातलेले नाही.